मंगळावर जायला आमच्या हिचा हात वर

मंडळी, दुपारपासून छातीत धडधडतंय, पण आनंदानं. म्हणून लिहितोय.

आज कॉलनीच्या हॉलमध्ये शेजारच्या सायलीनं कार्यक्रम ठेवला होता. माणसानं मंगळावर जावं, यासाठी ती आणि तिच्या कॉलेजची पोरं लोकांना गोळा करतात. माझी शाळा सातवीतच सुटली, मला त्यातलं काय कळणार? पण आमच्या हिला हौस, म्हणून गेलो.

शेवटी सायलीनं विचारलं, "संधी मिळाली तर कोण जाईल?"

पोरांच्या आधी आमच्या हिचा हात वर.

मी घाईघाईनं विचारलं, "जाऊन परत यायला किती दिवस लागतात?"

"दोन-तीन वर्षं, आजोबा. नुसता निरोप यायलाच कधी कधी वीस मिनिटं लागतात."

"आणि हिची बीपीची गोळी?"

ही म्हणाली, "इगतपुरीला बहिणीकडे एकटी जाते म्हटलं, तरी यांना रुळावर पाणी साचून गाडी अडकलेली दिसते. म्हटलं, मग मंगळच बरा."

सगळा हॉल हसला. मीही हसलो, पण मनाला लागलं. लग्न झाल्यापासून काळजीपोटी तिला मी एकटीला कुठे सोडलंच नाही.

घरी येताना म्हणालो, "उद्या जा बहिणीकडे. एकटी जा."

आता ती गुणगुणत पिशवी भरतेय. बहिणीसाठी चिवडाही घेतलाय.

तुम्हीच सांगा, पोहोचल्यावर लगेच फोन कर म्हटलं तर चिडेल का? मंगळाला वीस मिनिटं ठीक आहेत. इगतपुरीहून मला तेवढी सोसवणार नाहीत.