चार अक्षरांचं गाव

हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. आणि मी तर बडबड्या — ऑफिसात सगळ्यांचे आवाज काढणारा. एवढं एकच कसं गिळून बसलो?

साड्यांच्या गुजराती बाजारात, पर्वत पाटिया नावाच्या भागात आमचं छोटंसं ऑफिस. खान्देशात जाणाऱ्या साड्यांच्या पार्सलवर मराठी लेबल लागायचं, त्याचा प्रोग्राम आम्ही लिहायचो. मी कळवणहून नवा आलेला. कोडिंग शिकवलं ते शेजारच्या गोडादऱ्यात राहणाऱ्या रंजनाताईने. दुपारी तिच्याच डब्यातली कळण्याची भाकरी खायची, तिचाच आवाज काढायचा, तिलाच हसवायचं. काय दिवस होते ते —

लेबलावर एक सलग ओळ: नाव, गाव, फोन. त्यातून गाव उचलायचं, म्हणजे पार्सल त्या गावाच्या ढिगात पडतं. ओळ बनवणारा प्रोग्रामचा तुकडा — ऑब्जेक्ट — तोच सांगतो, गाव कितव्या जागी सुरू होतं आणि कुठं संपतं. ताई म्हणाली होती, "दोन्ही टोकं त्यालेच विचार भो. बोटं मोजू नको."

मी सुरुवात विचारली. शेवटाला — बोटं मोजली. चार अक्षरांत कुठलंही गाव ओळखू येतं, म्हटलं. कळवण टाकून पाहिलं, बरोबर आलं. येणारच ना? माझ्या गावाला ना काना, ना मात्रा. नवापूरही शाळेत चार अक्षरीच. पण कॉम्प्युटर काना वेगळा मोजतो, उकार वेगळा. त्याची चार अक्षरं 'नवाप'वरच संपली. नवापाडा नावाच्या गावाचीही तिथंच; दोघांचा ढीग एकच झाला.

नवापाड्याच्या नवरीचा शालू नवापूरला गेला. हळदीच्या दिवशी तिच्या बापाचा फोन. शेठ बाहेर आले, "आ कोणे कर्युं?" — कुणी केलं हे?

मी स्क्रीनकडे बघत राहिलो. ताईने माझ्याकडे पाहिलं — तिला कळलं होतं का? — आणि म्हणाली, "तपासायचं माझ्याकडे होतं, शेठ." उद्यापासून येऊ नको, शेठ म्हणाले.

इथवर भित्रेपणा. पुढचं — पुढचं जड जातं. ती जिना उतरली, ऑफिसातली पोरं गप्प. ते गप्प बसणं मला सोसेना. मी तिचा आवाज काढला, तसाच कापरा: "माझ्याकडे होतं, शेठ." पोरं हसली. ताई दारात उभी होती. डबा विसरलेला. तीही जरा हसली, नेहमीसारखी. डबा घेतला, गेली.

तिचा तो आवाज मला अजून हुबेहूब येतो. शेठचा येतो, पोरांचे येतात. माझ्या स्वतःच्या आवाजात एक वाक्य तेवढं कधी निघालं नाही — शेठ, ती चार अक्षरं मी मोजली होती.