गाडीला गप्प केलं तेव्हा

आमची गाडी सुरू झाली की शेजारच्या काकूंना कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नसत. जुनी डिझेल गाडी. दिल्लीत एवढ्या वयाच्या डिझेल गाड्या रस्त्यावर आणू देत नाहीत, म्हणून नवऱ्याच्या तिथल्या मित्राने ती आमच्या गळ्यात घातली, आणि मी ती ग्वाल्हेरभर हारासारखी मिरवली. चालवते मीच. नवऱ्यालाही येते, पण त्याला माझ्या शेजारी बसून पायाने नसलेले ब्रेक दाबायला जास्त आवडतं.

संध्याकाळी मात्र माझा प्रवासी एकच. माझे सासरे. सासूबाई गेल्यापासून बाबांनी एकेक गोष्ट सोडून दिली होती. मराठी मंडळ सोडलं, पत्ते सोडले, सकाळचं फिरणंसुद्धा सोडलं. उरली होती ती ही गाडीतली फेरी. आमच्या लष्कर भागातून निघायचं, पडावचा पूल चढून उतरायचा, मुरारपर्यंत जायचं आणि परत. त्या फेरीसाठी ते दाढी करत, टोपी घालत, काठी घेऊन फाटकाशी उभे राहत. ती फेरी चुकली की रात्रीचं जेवणही अर्ध्यावर येई, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

बाबांइतका मवाळ माणूस मी पाहिलेला नाही. दारात गाय येऊन उभी राहिली तर ते तिलाही म्हणत, "आता आपण पुढे व्हावं." जन्म गेला संस्कृत शिकवण्यात. घरात मराठी बोलताना कोणी हिंदीत घसरला की त्यांच्या कपाळाला आठी पडे. नवरा फोनवर "मी येऊन राहिलोय" म्हणाला की आतल्या खोलीतून आवाज येई, "येऊन कुठे राहिलास? येतो आहेस!" नवरा मोबाईलवर हात ठेवून कुजबुजे, "आता येऊच नये असं वाटून राहिलंय."

आणि मी? मला बोलायला लागतं. मागच्या सीटवर हक्काचा श्रोता बसवून मी गल्लीतली भांडणं साभिनय सांगत असे. दोन्ही बाजूंचे आवाज काढून. स्टिअरिंग हातात नसतं तर हातवारेही केले असते. बाबा बरोबर माझ्या सीटच्या मागे बसत, त्यामुळे आरशात दिसत नसत. पण मागून अधूनमधून हुंकारासारखं काहीतरी येई, आणि तेवढ्यावर मला रंग चढे.

एकदा घरी पोचल्यावर मी विचारलं, "मग बाबा, त्या काकूंचं बरोबर होतं की नाही?"

"कोणत्या काकू?"

म्हणजे गेली दोन वर्षं एक शब्द मागे पोचला नव्हता! त्याच क्षणी ठरवलं, ह्या गाडीचं तोंड बंद करायचं.

पडावला गाड्यांचा एक मिस्त्री आहे. नट्टापट्टा करून आल्यासारखा गॉगल लावूनच बॉनेट उघडतो. त्याने लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "भाभीजी, यह इंजन नहीं है, बारात है."

"मग वरात थांबवा की!"

"बारात तो नाचेगी. डीज़ल है. हम खिड़की-दरवाज़े बंद कर देंगे."

आणि खरंच, त्याने एकेक दार लावून घेतलं. इंजिन ज्या रबरांवर बसतं ती वाळून दगड झाली होती, ती बदलली. सायलेन्सरचं भोक बुजवलं. बॉनेटच्या आतून जाड फेल्ट लावलं, गालिच्याखाली डांबरी पत्रे अंथरले, दारांना नवी रबरं बसवली, आणि वायरी जिथून आत येतात त्या भोकांना बुचं मारली. गाडी घेऊन घरी आले तर फाटक उघडायला कोणी आलंच नाही. कोणाला कळलंच नव्हतं. मी इतकी खूश झाले की स्वतः उतरून फाटक उघडलं आणि स्वतःलाच "या, या" म्हटलं.

संध्याकाळी बाबांना घेऊन निघाले. एक ताजं भांडण राखून ठेवलं होतं, ते सुरू केलं. मध्येच विचारलं, "बाबा, ऐकू येतंय ना?"

"येतंय."

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा माणूस बोलतो तसं. पुलावर पोचेपर्यंत मागून हूं नाही की चूं नाही. पूल उतरल्यावर ते हळूच म्हणाले, "सूनबाई, परत फिरू या का?"

दुसऱ्या दिवशी त्यांचा पाय दुखत होता. तिसऱ्या दिवशी हवा दमट होती. मग कारण सांगणंही बंद झालं आणि टोपी खुंटीवर लागली ती लागलीच. जेवताना पोळीचा तुकडा नुसता ताटात फिरे. खोलीचं दार ओढून घेत. एकदा तर गाय आली आणि ते तिच्याशी काही बोललेच नाहीत, तेव्हा मात्र मी घाबरले.

माझा तर्क असा, की काहीतरी आवाज अजून राहिला आहे. म्हातारपणी कान हळवे होतात. मोठा आवाज गेल्यावर बारीक आवाज जाणवायला लागतात, हे माझ्याही लक्षात आलं होतं. डॅशबोर्ड करकरत होता. सीटच्या पट्ट्याचं बक्कल दारावर टिकटिकत होतं. मी पुन्हा मिस्त्रीकडे. त्याने डॅशबोर्डच्या फटीत स्पंज कोंबला, बक्कलला कापड गुंडाळलं. पुन्हा बाबांना नेलं, आरतीच्या ताटासारखी जपून गाडी चालवली. आणखी वाईट! ह्या वेळी ते पडावच्याही अलीकडे परत फिरले.

मी समोर बसून विचारलं, "बाबा, गाडीत काही खुपतं का?"

"छे, छे. गाडी उत्तम झाली आहे. आपण फार कष्ट घेतलेत." आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

रात्री नवरा म्हणाला, "तू गाडीला गप्प करता करता बाबांना गप्प करून राहिली आहेस." आतल्या खोलीकडे त्याने सवयीने कान दिला. चूक सुधारायला आवाज आला नाही.

अशात गाडीत डिझेलचा वास यायला लागला. मिस्त्रीने पाहिलं, एक नळी गळत होती आणि बॉनेटचं फेल्ट डिझेलने भिजलं होतं. नळी बदलली, फेल्ट काढून टाकलं, नळीचा माग काढायला बुचं उपटली, गालिचे उचलले. "नया फेल्ट झाँसी से आएगा, भाभीजी. तब तक बारात का मज़ा लीजिए." निघालेले डांबरी पत्रे गुंडाळून माझ्या सीटच्या मागे टाकले.

गाडी गल्लीत शिरली ती पूर्वीच्या थाटात. काकू खिडकीतून ओरडल्या, "अहो, शिट्ट्या तीन झाल्या की चार?" आणि फाटकाशी पाहते तो काय, बाबा! टोपी घातलेली, काठी हातात, अर्धी दाढी राहून गेलेली.

"निघायचं ना?" त्यांनी विचारलं.

मला काही उमजेना. शांत गाडीत पाय दुखत होता तो ह्या खटाऱ्यात कसा बरा झाला? माझ्या मागची जागा पत्र्यांनी अडली होती, म्हणून ते डाव्या बाजूला बसले. आणि प्रथमच ते मला आरशात दिसले.

पुलाच्या चढावर इंजिन गरजायला लागलं आणि आरशातलं तोंड हलायला लागलं. आधी वाटलं स्तोत्र म्हणतायत. पण स्तोत्र म्हणताना कोणी मूठ आपटत नाही. भुवया वर गेल्या होत्या, गाल लाल झाले होते, काठी पुढच्या सीटला टोचत होती. मी रस्ता सोडून आरशातच बघत राहिले, क्लचवरचा पाय सुटला आणि गाडी पुलावर मधोमध बंद पडली.

त्या अचानक पडलेल्या शांततेत संस्कृतच्या सरांचा खणखणीत आवाज घुमला: "...ठठरी बंधे नासपीटे की! और रोज़-रोज़ लौकी!"

नासपीटा म्हणजे मेला, आणि ठठरी म्हणजे तिरडी. आमच्या भागात भाजीवाल्या भांडताना एकमेकींची बांधतात ती.

मागच्या टेम्पोने हॉर्न दिला. मग आरशात बाबांनी टोपी सरळ केली आणि म्हणाले, "सूनबाई, आज वारा छान सुटला आहे."

"हो, बाबा. छानच आहे," मी म्हणाले आणि किल्ली फिरवून जोरात रेस दिली. मुरार येईपर्यंत गिअर तिसऱ्याच्या वर नेला नाही; तिसऱ्यात इंजिन जास्त बोंबलतं. आरशातलं तोंड थोडा वेळ मिटलेलं राहिलं. मग हलायला लागलं.

म्हणजे दोन वर्षं आम्ही दोघं एकाच वेळी बोलत होतो आणि मी त्याला हुंकार समजत होते! ज्या माणसाने घरात कधी "अरेरे"च्या पुढे शब्द काढला नाही, तो रोज संध्याकाळी पूल चढताना दूधवाला, डॉक्टर, सरकार, गुडघे, कोण जाणे कोणाकोणाची तिरडी बांधून, हलका होऊन, जेवायला बसत होता. आणि मी पैसे देऊन त्याची जागा बुजवून घेतली होती.

त्या लौकीचं, म्हणजे दुधीचं मात्र मला अजूनही कळलेलं नाही. दुधी खायला सांगितलाय डॉक्टरने, आणतो नवरा पाटणकर बाजारातून, करते मी. नासपीटा नेमका कोण? दुसऱ्या दिवशी खबरदारी म्हणून भरली वांगी केली. बाबांनी दोनदा वाढून घेतली आणि "आपल्या हाताला चव आहे" असं इतक्या प्रेमाने म्हणाले की माझा गोंधळ वाढलाच.

मिस्त्रीचा फोन आला, फेल्ट आलंय. म्हटलं, राहू दे. "भाभीजी, इतना शोर?" त्याला गॉगलमागून विश्वास बसेना.

त्या संध्याकाळी फेरी झाली, मी बाबांना उतरायला हात दिला. ते फाटकापाशी थांबले. काठीने पायरी चाचपत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "सूनबाई, परतीच्या वेळी पूल चढताना आपण चौथा गिअर फार लवकर टाकता."

"मग काय करू, बाबा?"

"तिसराच असू द्यावा," ते म्हणाले. "माझं बरंच राहून जातं."