वाढत्या अंगाचा झंपर

घटना तशी लहान, ना खून ना दरोडा. पण सगळ्या नोकरीत आजही लख्ख आठवते ती हीच. मुलीच्या लग्नाचं वय पंधरावरून अठरा करणारा कायदा तेव्हा नवा होता आणि मी कोल्हापूरजवळच्या एका ठाण्यात फौजदार होतो.

सकाळची हजेरी संपत असताना गडमुडशिंगीकडचा एक शिंपी आला. गाव त्याला चाचा म्हणायचं. आमच्या वर्दीची उसवण तोच शिवायचा, त्यामुळे त्याच्या येण्याचं कुणाला नवल नव्हतं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, उद्या आमच्याकडं एक लगीन हाय. नवरीचा झंपर माझ्याकडं टाकलता, कालच शिवून दिला. आई म्हणाली, वाढत्या अंगाचा शिवा." आपलं नाव कुठं येऊ नये, एवढंच त्यानं मागितलं. गावात राहून त्याला पोट भरायचं होतं.

मी तडक निघालो. दारात मांडव घातलेला. मुलीचा बाप शेतकरी, चार म्हशींचं दूध घालणारा. माणूस वाईट नव्हता, चांगलं स्थळ हातचं जाईल या धास्तीनं घायकुतीला आला होता. पोरीला अठरा पूर्ण झाली, असं त्यानं ठणकावून सांगितलं. भावकीचे जबाबही तेच. मुलगी शाळेत गेली नव्हती, जन्माची नोंद नव्हती. सरकारी दवाखान्यात हाडांवरून वय काढता येतं, पण तो अहवाल यायच्या आत अक्षता पडल्या असत्या. मनाई हुकमासाठी मॅजिस्ट्रेटपुढे काहीतरी ठोस हवं होतं. मुलगी दाराआडून बघत होती, भेदरलेली.

चाचावर संशय जाऊ नये म्हणून मी नवरीचं सगळंच सामान बघायला मागितलं. मुलीच्या आईनं झंपर हाती दिला तसा मी तो उलटा केला. दोन्ही कडांना तीन-तीन बोटं कापड दाब म्हणून आत दुमडलेलं.

"बाई, अठरा झाली म्हणता, मग हे कापड कशाला आत ठेवलं?"

"वाढायची हाय की अजून पोर," ती म्हणाली. नवऱ्यानं डोळे वटारले. तिनं झंपर मांडीवर ओढून घेतला. "तेरा सरल्यात, साहेब."

पंचांसमक्ष जबाब झाला, संध्याकाळी हुकूम आला, मांडव उतरला. बाई बेसावधपणे सापडली, असं मी पुढं नव्या शिपायांना मोठ्या तोऱ्यात सांगायचो.

काही वर्षांनी चाचा बाजारात भेटला. मुलीचं लग्न रीतसर वयात झालं होतं. झंपर तोच, दाब सगळा उसवल्यावर अंगात बसला. उसवायला आईनंच आणून दिला होता.

"तिला तुझा राग नाही आला?" मी विचारलं.

"राग कशाचा, साहेब? ती म्हणाली, चाचा, गावात शिंपी दोन हाईत. तुमी ठाण्यात जातासा, म्हणून तुमच्याकडं टाकलता."

ज्याला घरात तोंड उघडायची सोय नसते, तो दुसरी वाट काढून बोलतो. त्या दिवशी खबर तिची होती. चाचा आणि मी नुसते निरोपे.