वारा फिरला त्या दुपारचा राब

चैत्र संपत आला की मी मोबाईलवर देश बघत बसते. राजस्थानवर धुळीचा पिवळट पट्टा, विदर्भात गारा, खाली केरळकडे पांढरे पुंजके, आणि मधे कुठेतरी आमचा मुरबाड तालुका, नखाएवढा. एवढ्या मोठ्या मुलखावरून ढग सरकताना पाहिले की ऊर भरून येतो. घरचे चिडवतात, हिला हवामान खात्यात घ्या रे कुणीतरी!

त्या दुपारी मात्र मी बघत बसले नाही. माळशेजच्या पलीकडे, जुन्नरच्या अंगाला विजांचे ठिपके दिसत होते आणि आमचा राब भाजायचा राहिला होता. भाताची रोपं करायच्या जागेवर शेण, पाला, गवत अंथरून वर माती पसरायची आणि जाळायचं, म्हणजे भुई भाजते, तणाचं बी मरतं. हिवाळ्यापासून जमवलेला तो पाला भिजला असता तर यंदाची रोपं तणात गेलीच म्हणून समजा.

नवरा कामावर. मीच काडेपेटी घेऊन धावले. वारा पश्चिमेचा होता. पश्चिमेच्या टोकाला काडी लावली की वारा आग पुढे नेईल, घटकेत काम फत्ते, असं माझं शहाणपण.

"तिकडनं पेटवतंस का गो?" पाड्यावरची मावशी शेजारच्या बांधावरून ओरडली. तिचा राब कधीच भाजून झाला होता. "वरचा पाला पलत जलंल, भुई कच्चीच राहंल."

बांध ओलांडून आली, माझ्या हातातली काडेपेटी घेतली आणि तिने पूर्वेच्या टोकाला काडी लावली. आग वाऱ्याच्या तोंडावर, मुंगीच्या पावलाने सरकू लागली.

"ढग कवर आलाय, बग."

"घाटमाथ्यावर आला, मावशी."

तिने दाताळं घेतलं आणि राबाच्या मधोमध हातभर पट्टी ओढून मोकळी केली. पाऊस डोक्यावर आणि ही बाई केर काढतेय! मी करवादलेच, "आता हे कशाला?"

"वारा फिरंल." एवढंच बोलून तिने माझ्या हातात आंब्याची ओली डहाळी दिली आणि मला पट्टीवर उभं केलं.

अर्धा राब भाजत आला आणि वारा पडला. झाडाचं पान हलेना. मग पूर्वेकडून, घाटावरून, गार झोत आला. इतका वेळ रांगणारी आग एकदम उठून धावली, पट्टीशी आली आणि पुढे पालाच नाही म्हणून बसली. उडालेल्या ठिणग्या मी डहाळीने झोडपल्या. मावशी तोवर पश्चिमेच्या टोकाला पोचली होती. तिने तिथे काडी लावली. आता तिथेही आग वाऱ्याच्या तोंडावर. उरलेला अर्धा राबही खालपर्यंत भाजला.

थेंब आले तेव्हा शेवटचा पाला धुमसत होता. राख भिजून जागीच बसली. मी मावशीच्या पाया पडले. मनापासून पडले. माझ्या मोबाईलने ढग दाखवला होता, पण वारा कधी फिरेल ते त्याला ठाऊक नव्हतं.

"ऊठ गो, चाय टाक," ती म्हणाली.

आषाढात रोपं काळीभोर उठली. फक्त मधोमध, न भाजलेल्या हातभर पट्टीत, तण माजलं होतं. नवरा खुरपं घेऊन निघाला, मी त्याला अडवलं. चार दिवसांनी मावशी बांधावरून जाताना थांबली आणि तणाकडे बघून हसली.

"हितंच फिरला व्हता, नाय?"