काळ्या चौकटीतला लेख

बू वागियेम माझ्यावर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाची समजूत घालता येते. पण गेले बारा दिवस त्या आमच्या दारावरून खाली मान घालून जातात. त्यांना स्वतःचीच लाज वाटत असेल, आणि ती माझ्यामुळे, हे माझ्या मनातून जात नाही.

आमच्या भागात कुणाच्या घरी वारलेल्या माणसासाठी प्रार्थना असली, की जेवण बू वागियेमच करतात; 'बू' म्हणजे आमच्याकडे बाई. वय चौसष्ट, शिक्षण चौथीपर्यंत, चण एवढीशी. स्कूटरवर जेवणाचे साठ खोके बांधून निघाल्या की मागून बाई दिसतच नाही. त्यांच्या नवऱ्याला, सार्दीकाकांना, अर्धांगाचा झटका आला, तेव्हा शाळेत शिकवून परतताना मी बू वागियेमना निंग्रुमचे लेख वाचून दाखवायचे. निंग्रुम माझी मुलगी. ती सेमारांगला फिजिओथेरपिस्ट आहे आणि अशा रुग्णांच्या घरच्यांसाठी एका लहानशा वेबसाइटवर लिहिते. आठ महिन्यांनी सार्दीकाकांनी स्वतःच्या हातानं चमचा धरला. पहिला घास खाल्ला आणि म्हणाले, "मीठ कमी आहे."

"मी भरवत होते तेव्हा बरी चव कळत नव्हती," बू वागियेम म्हणाल्या. मग मला विचारलं, "पोरगी एवढं चांगलं लिहिते, वाचतं कोण?"

"दीडशे-दोनशे जण. त्यातले अर्धे आमचे नातेवाईक."

या महिन्यात वेबसाइटच्या संपादकानं निंग्रुमला सांगितलं, की महिनाअखेर एखादा तरी लेख दोन हजार लोकांनी वाचला नाही तर सदर बंद. मी लिंक सगळ्या ग्रुपवर टाकली. जोडलेले हात पुष्कळ आले, लेख कुणी उघडला नाही. निंग्रुम फोनवर म्हणाली, "जाऊ दे, आई." तिचा आवाज ऐकून मला जेवण गेलं नाही.

बू वागियेमना हे सांगितलं तर म्हणाल्या, "फोनवरचं कोण वाचतंय, बू गुरू? माझ्याच फोनात चारशे निरोप पडलेत. खोका मात्र जो तो उघडतो. पोरीचा एक फोटो द्या."

त्या आठवड्यात जुन्या सरपंचांना जाऊन हजार दिवस झाल्याची प्रार्थना होती. तीनशे खोके. घरच्यांना विचारून बू वागियेमनी प्रत्येक खोक्यात लेखाची चिठ्ठी घातली. वर निंग्रुमचा फोटो, खाली नाव, त्याखाली मोबाइलनं टिपायचा तो मुंग्या पसरल्यासारखा चौकोन. आणि भोवती काळी चौकट. आमच्याकडे भाताच्या खोक्यात फोटो आणि काळी चौकट असते ती फक्त गेलेल्या माणसाची.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून परतले तर गल्लीच्या तोंडाशी मयताचं पांढरं निशाण. आमच्या दारात खुर्च्या उतरत होत्या. दोघीजणी दुखवट्याच्या तांदळाच्या पिशव्या घेऊन उभ्या. एकीनं मला मिठी मारली.

"कशी गेली हो?"

"कोण?"

"निंग्रुम."

मी फोन लावला. चार वेळा वाजला, मग तोंडात घास असलेला आवाज आला, "आई, जेवतेय गं. काय झालं?"

मी पायरीवर बसले. तोवर बू वागियेम खोबऱ्यानं माखलेल्या हातांनी धावत आल्या. चिठ्ठीवरची चौकट आता कुठं त्यांच्या ध्यानात आली आणि त्यांना हसू फुटलं. "तीनशे माणसांची प्रार्थना लागली पोरीला. आता शंभरी गाठते बघा." सगळे हसले. मला हसू आलं नाही.

"चार माणसांनी वाचावं म्हणून माझ्या मुलीला मारलंत तुम्ही," मी म्हणाले. सगळ्यांसमोर.

त्यांनी गल्लीच्या तोंडाशी जाऊन निशाण स्वतः उपटलं आणि निघून गेल्या.

पुढचं मी काही न करताच घडलं. शोक करायला आलेले लोक ओशाळून लेख उघडू लागले. एकीचे सासरे वर्षभर अंथरुणाला खिळलेले. भाड्याच्या खुर्चीला टेकून तिनं तो उभ्यानंच पुरा वाचला. चिठ्ठीचे फोटो फिरले: 'ही जिवंत आहे आणि वाचण्यासारखं लिहिते.' रविवारपर्यंत चार हजार लोकांनी वाचलं. सदर राहिलं. तेगालहून एका मुलानं निंग्रुमला विचारलं, आईला कुशीवर कसं वळवू?

काल झेरॉक्सवाल्या बाग्योकडे चाचणीचे पेपर काढायला गेले. तो म्हणाला, "बू वागियेमनी लेख बंद केले वाटतं?"

"कसले लेख?"

"वर्षभर दर लेखाच्या पन्नास चिठ्ठ्या न्यायच्या. बिनफोटोच्या, नाव आणि तो चौकोन एवढंच. खोक्याच्या तळाशी घालायच्या. मी म्हटलं, तळाशी कोण बघतंय? तर म्हणाल्या, भात संपला की दिसतं." मग जरा खाली बघून म्हणाला, "फोटो वर घ्या हे मीच सांगितलं. चौकटही माझीच, माझ्याकडे तेवढी एकच तयार आहे. त्या बोलल्या नाहीत तुम्हाला?"

नव्हत्या बोलल्या. दीडशे वाचकांतले जे आमच्या नात्यातले नव्हते ते येतात कुठून, हा विचार मी कधी केलाच नव्हता. माझी मुलगी लिहीत राहिली ती या बाईच्या जिवावर, आणि त्यांनी एका शब्दानं ते बोलून दाखवलं नाही.

निंग्रुमला हे सांगितलं. ती म्हणाली, "हे मला काय सांगतेस, आई?"

खरं आहे. पहाटेच्या नमाजानंतर बू वागियेम तांदूळ धुवायला बसतात. तेव्हा फोन शेजारीच असतो. मी तेव्हाच लावणार आहे, आणि तब्येत, पाऊस, बाजार असलं काही न बोलता आधी माफी मागणार आहे.