मांजरीच्या कानामागचा चट्टा

मांजर मी आणलं, त्यामुळे शिव्याही मीच खाल्ल्या. आई समुद्रकाठचं नवापूर सोडून कायमची माझ्याकडे बोईसरला राहायला आली, त्या दिवशी तिचं सामान उचलताना बोंबील वाळवायच्या बांबूंखाली हे पिल्लू सापडलं. आईने जन्मभर हातात काठी घेऊन मांजरांपासून मासळी राखलेली. ती रिक्षातच कडाडली, "चोर घरात घेतेस? सोड तिला!" मी ऐकते कुठली!

आठवडाभरात पिल्लाच्या कानामागचे केस गेले. खाली गोल, कोंडा सुटलेला चट्टा. आईने लांबूनच निदान केलं, "मिठाने खाल्लंय. आमचे हात नाय का तसे व्हायचे?" मासळी खारवणाऱ्या बायकांच्या बोटांना जखमा होतात. त्यावर गोडं पाणी आणि खोबरेल, एवढंच औषध मला लहानपणापासून ठाऊक. मग काय, रोज आंघोळ, रोज तेल. पिल्लू बिचारं कुडकुडत बसायचं आणि चट्टे वाढतच गेले, नाकावर, पंजावर.

शेवटी पालघरला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी खोलीत अंधार करून निळा दिवा धरला, तर चट्ट्याभोवतीचे केस हिरवे चमकले. "अहो ताई, मीठ कसलं! गजकर्ण आहे. ओलं ठेवून ठेवून तुम्हीच ते पोसलंत." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन महिने तरी औषध, मलम, वेगळी खोली, अंथरुणं गरम पाण्यात धुवायची. माणसांनाही लागतं म्हणाले, म्हाताऱ्यांना लवकर.

आईला शुगर. आमच्या दोन खोल्यांत त्याला वेगळं ठेवणार कुठे? जीव तुटत होता, पण ठरवलं, पिल्लू नवापूरला परत. तिथली शेजारीण औषध घालायला तयार झाली. घरी येऊन मी पिशवी भरायला घेतली. "तुझंच खरं, आई. येते सोडून."

मला वाटलं, सुटले एकदाची म्हणेल. पण तिने पोलक्याची बाही वर केली. कोपराच्या खळग्यात लाल गोल चट्टा.

"हे कधी झालं?"

"तू कामावर जातेस ना, तवा दुपारची इथं झोपते ती."

मी कपाळावर हात मारला. चिडावं की रडावं! "अगं, सांगायचं नाही का? आता तर हिला न्यायलाच हवं."

"ने की," आई म्हणाली. "मग मलापन नेऊन सोड. आमी दोघी एकाच रिक्षातून आलोय."