आपला आवाज आपण सांगायचा: बडनेऱ्याजवळचे दोन दिवस

अकोल्याहून बडनेऱ्याला रेल्वेने साधारण दीड तास लागतो. शनिवारी सकाळी मी गाडीत बसले तेव्हा शेजारणीला सांगितलं होतं की लग्नाला चालले आहे. जायचं ठिकाण मंगल कार्यालयच होतं, त्यामुळे अगदीच खोटं नव्हतं. पण तिथे लग्न नव्हतं. भुताखेतांच्या जागा तपासायची आवड असलेल्या लोकांचं दोन दिवसांचं संमेलन होतं.

मी अशा ठिकाणी जाणारी बाई नाही. पाटबंधारे खात्यात कारकून होते, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. लग्न केलं नाही. माझी मोठी बहीण, आम्ही तिला ताईच म्हणायचो, नवरा गेल्यावर माझ्याकडे राहायला आली आणि एकोणीस वर्षं राहिली. गेल्या मार्चमध्ये ती गेली. तिचा मुलगा निखिल पुण्यात असतो. "मावशी, घर बंद कर आणि इकडे ये," असं तो दर रविवारी म्हणतो. मी दर रविवारी "बघू" म्हणते.

संमेलनाला जायचं खरं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. नवरात्रापासून रोज सकाळी माझ्या स्वयंपाकघरात एक आवाज येत होता. पिठाच्या डब्याचं झाकण कुणी तळव्याने दाबून लावावं तसा. ताईचं सकाळचं पहिलं काम तेच होतं. आवाज आला की मी अंथरुणात डोळे मिटून पडून राहायचे, उठून बघायचे नाही. ती तिथे असेल तर घर बंद करून मी पुण्याला कशी जाणार, एवढाच माझा प्रश्न होता. संमेलनाची जाहिरात फोनवर दिसली, त्यात लिहिलं होतं: 'घरचा एखादा अनुभव असल्यास रेकॉर्डिंग आणावे.' ते वाचून मी पैसे भरले.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी: बडनेरा स्टेशनबाहेरून ऑटो मिळतो, भाव आधी ठरवून घ्या. राहणं-जेवण धरून पंधराशे रुपये होते. बायकांची खोली वेगळी आणि स्वच्छ होती. जानेवारीत जात असाल तर पांघरूण घरचं न्या. मऊ तळाचे बूट आणा, अत्तर लावू नका, हातात वाजणाऱ्या बांगड्या नकोत. हे सगळं आधीच कळवतात.

आम्ही चौदा जण होतो. संमेलन भरवणारी मृणाल अमरावतीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळते, वय तिशीचं. मला वाटलं होतं मंत्र, लिंबू असं काही असेल. तिने पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिलं, 'आधी नळ, मग उंदीर, मग वारा, मग बोलू.' आणि एक नियम सांगितला. रेकॉर्डिंग चालू असताना आपल्याकडून काही आवाज झाला तर तो लगेच मोठ्याने आपल्या नावावर घ्यायचा. नाहीतर नंतर ऐकताना आपलाच खोकला भूत होऊन बसतो.

दुपारी रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण. गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे तुपात कुस्करून खाल्ले की पुढचे दोन तास माणूस कामाचा राहत नाही, पण आम्हाला लगेच निघायचं होतं. गावाबाहेर एक बंद पडलेलं जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, आहे, मालकाची परवानगी घेतलेली होती. मी मृणालला विचारलं की रात्री का नाही जात. ती म्हणाली, "मावशी, रात्री साप असतात. आणि भूत फक्त रात्रपाळीलाच येतं असं कुणी सांगितलं?"

जिनिंगच्या मोठ्या शेडमध्ये आम्ही लांब लांब बसलो. चाळीस मिनिटं बोलायचं नाही, फक्त आपला आवाज सांगायचा. अधूनमधून अंधुक उजेडातून ऐकू यायचं, "पाय, माझा." "शिंक, माझी." बाळापूरचे रशीदचाचा, सत्तरीचे, आयुष्यभर पत्र्याचं काम केलेले, गंभीरपणे म्हणाले, "पोट, माहं. रोडगे बोलून रायले." त्यावर तीन जणांना आपापलं हसू नावावर घ्यावं लागलं.

शेडमध्ये अजून सरकीचा वास होता. आमच्या लहानपणी घरी कापूस यायचा तेव्हा ताई आणि मी त्याच्या ढिगावर झोपायचो. तो वास आला आणि माझ्या घशातून काहीतरी बाहेर पडलं. मी पदर तोंडावर दाबला. नावावर घेतलं नाही. चौदा माणसांत "हुंदका, माझा" असं मोठ्याने म्हणणं मला जमण्यासारखं नव्हतं.

संध्याकाळी कार्यालयात चहा घेत सगळे रेकॉर्डिंग ऐकायला बसले. बाविसाव्या मिनिटाला तो आला. बाईचा, दाबलेला, मध्येच तुटलेला. एक मुलगा खुर्चीतून उठला. मृणालने विचारलं, "हा कुणी सांगितलेला नाही. कुणाचा?" मी खाली बघितलं. त्यांनी तो पुन्हा लावला. पाच-सहा वेळा लावला. "बाई रडून रायली," कुणीतरी म्हणालं. "दोन वर्षांत असं काही मिळालं नव्हतं आपल्याला," मृणाल म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की माझं गप्प बसणं आता चोरी ठरत होतं.

"तो माझा आहे," मी म्हणाले.

मग रशीदचाचा म्हणाले, "चला, सुटली बिचारी. नाई तं या पोराईनं तिले रातभर छळलं असतं." लोक हसले. मृणालने वहीत लिहिलं, 'मिनिट बावीस, मावशी,' आणि माझ्या कपात चहा ओतला. का रडलात, असं एकानेही विचारलं नाही. ताई गेल्यापासून भेटायला आलेल्या प्रत्येकाने विचारलं होतं. त्या न विचारण्याबद्दल मी त्या लोकांची कायम ऋणी राहीन.

म्हणूनच रविवारी सकाळी, घरी अंथरुणातूनच केलेलं रेकॉर्डिंग लावून मी माझा फोन मृणालपुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. कॅलेंडरवर मी रोजची वेळ लिहिली होती, तेही दाखवलं. ऑक्टोबरात पावणेसात, आता जानेवारीत सव्वासात. काही दिवशी काहीच नाही. मला वाटायचं, थंडीत ताई उशिराच उठायची.

मृणालने आणि बाकीच्यांनी तीनदा ऐकलं. रशीदचाचांनी फोन कानाला लावला. "बाई, घरात कोठी हाये काय? पत्र्याची, धान्याची?"

"आहे. खिडकीखाली."

"भरेल हाये का खाली?"

"रिकामी."

"कवापासून?"

मला आठवावं लागलं. दर एप्रिलमध्ये ताई गहू निवडून, एरंडेल लावून, कडुनिंबाचा पाला घालून कोठी भरायची. गेल्या वर्षी कुणी भरलीच नाही. जुना गहू गणपतीच्या सुमारास संपला. तेव्हापासून मी पिठाची पिशवी आणते.

"भरली कोठी बोलत नाई," चाचा म्हणाले. "खाली असली की ऊन लागलं का पत्रा फुगते आन् टडंग करते. म्या हजार कोठ्या केल्या, मले इचारा. ज्या दिशी आभाळ असते त्या दिशी आवाज नसते. पाहा कॅलेंडरात."

मृणालने विचारलं, "मावशी, तुम्हाला ठीक वाटतंय ना?" मी हो म्हणाले, पण नव्हतं वाटत. दुसऱ्यांदा कुणीतरी गेल्यासारखं वाटत होतं. चाचांना ते दिसलं असावं. फोन माझ्या हातात देत ते म्हणाले, "आवाज कोठीचा हाये, इतकंच म्हनलं म्या. तुमची बहीन नाई, असं कोनी म्हनलं? ते आमाले मोजता येत नाई." मग म्हणाले, "तिनं भरून ठेवली होती म्हून तर इतकी वर्सं कोठी गप होती."

परतीच्या आधी मृणाल मला अमरावतीत गिला वडा खाऊ घालायला घेऊन गेली. दह्यात भिजलेला, वर तिखट चटणी. ज्यांना वेळ असेल त्यांनी नक्की खावा, पण गाडीच्या आधी दोनपेक्षा जास्त नको.

सोमवारी सकाळी मी पहिल्यांदा उठून स्वयंपाकघरात गेले आणि स्टुलावर बसून राहिले. ऊन खिडकीतून कोठीवर आलं. थोड्या वेळाने पत्रा वाजला. चाचा म्हणाले तसंच. मी रडले, मग चहा केला. कितीतरी महिन्यांनी बसून, गरम असताना प्यायले.

निखिलला रविवारची वाट न बघता फोन केला. त्याला सगळं सांगितलं, आवाजापासून कोठीपर्यंत. मी म्हणाले, घर बंद करणार नाही. पण त्याचं कारण आवाज नाही. मला इथे राहायचं आहे, आणि एप्रिलमध्ये कोठी भरायची आहे.

त्याची तर आई गेली होती, हे मी इतके महिने विसरल्यासारखी वागत होते.

"भरल्यावर आवाज बंद होईल ना?" त्याने विचारलं.

"हो."

"मग गहू आणायच्या आधी मी येतो, मावशी. एकदा ऐकतो."